आधीची सोनोग्राफी

माझ्या लेकीचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड होता. सँडल घेताना जास्त जाणवायचं, एका पायाचा पट्टा शेवटच्या भोकात आणि दुसऱ्याचा मधल्यात. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की हे जन्मापासूनचं, जनुकांतलं आहे. पायाला धोका नाही, पण अशा काही मुलांच्या मूत्रपिंडात किंवा यकृतात कर्करोगाची गाठ होते. म्हणून ती आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची.

"झालीच तर लहान असताना सापडली पाहिजे," त्या म्हणाल्या.

मला ते पटलं नव्हतं. पोर धडधाकट होती, राजधानीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत दिवसभर सायकल फिरवायची. रुग्णालयात मात्र दर खेपेला शिकाऊ डॉक्टर भोवती जमायचे, तिच्या पायांचे फोटो काढायचे. आपल्या पोरीवर यांचा नुसता अभ्यास चाललाय, ही शंका मनातून जाईना. माझे यजमान म्हणायचे, "अगं, एवढे मोठे डॉक्टर, त्यांना कळत नसेल आणि तुला कळेल?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी खात्री करून घ्यायला शिकवलं, त्यांचे उपकार मी आजही मानते. त्या शाळेत पेपर फेरतपासणीला गेला की आधीचे गुण कागदाची पट्टी चिकटवून झाकत, म्हणजे दुसरे सर मोकळ्या मनाने तपासतील. मीही तेच करायचं ठरवलं.

ती पाच वर्षांची होती. पुढची तारीख आली तेव्हा यजमान ऑफिसला गेल्यावर जुन्या सोनोग्राफींच्या फिल्मचं पाकीट मी कपाटात ठेवून दिलं आणि तिला घेऊन शेजारच्या सेक्टरमध्ये नव्यानेच उघडलेल्या सेंटरमध्ये निघाले. गेटवर शेजारीण भेटली. कुठे निघाले ते मी सांगितलं.

"फिर अल्ट्रासाउंड? हमसे भी छुपाओगी? इस बार तो लड़का ही चाहिए होगा!"

"मेरा नहीं भाभीजी, बेटी का है."

"हाँ हाँ, सब यही बोलती हैं," म्हणून ती हसली.

सेंटरमधले डॉक्टर वयाने माझ्याएवढेच होते. "क्या तकलीफ़ है?"

"पेट दुखता है."

"पहले कभी अल्ट्रासाउंड हुआ है?"

"नहीं." मी बिनदिक्कत सांगितलं.

पोटावर थंड जेल लावून त्यांनी प्रोब फिरवला. डाव्या बाजूला तो थांबला, पुढे गेला, पुन्हा तिथेच आला. मूत्रपिंडात छोटासा डाग दिसतोय, ते म्हणाले. जन्मापासूनचा असेल तर काळजी नाही. पण आधीचं काही नसल्यामुळे आज सांगता येत नाही, महिन्याने पुन्हा बघू.

माझ्या मनात आलं, घ्या, हेही पुन्हा बोलवायला लागले.

तेवढ्यात लेक म्हणाली, "अंकल, उल्टा नहीं लिटाओगे? वो वाले अंकल तो हर बार लिटाते हैं."

डॉक्टरांचा हात थांबला. "कौन से अंकल, बेटा?"

"बड़े अस्पताल वाले. बहुत बार गई हूँ. मैं साँस भी रोक लेती हूँ, देखो." आणि तिने गाल फुगवून श्वास रोखून दाखवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आप बच्ची की कौन हैं?"

"माँ हूँ."

"घर में पता है आप इसे यहाँ लाई हैं?"

मग मी सगळं सांगितलं. पायाचं, तीन महिन्यांचं, पाकिटाचं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अभी ले आइए. बच्ची को यहीं बैठने दीजिए." तिला तिथे सोडण्याइतका विश्वास माझा तेव्हाही नव्हता. तिला कडेवर घेऊन सायकलरिक्षाने घरी गेले आणि पाकीट घेऊन परत आले.

त्यांनी तीन महिन्यांपूर्वीची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, शेजारी आजची. जुन्या फिल्मवर ती जागा स्वच्छ होती.

"मतलब नया है," ते म्हणाले. "महीना नहीं रुकना. कल ही अस्पताल जाइए."

रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, की आधीची तपासणी झाल्याचं आईने सुरुवातीला नाकारलं, नंतर फिल्म आणून दिल्या. तेवढी ओळ खोडा, अशी मी विनवणी केली.

"नहीं मैडम. अगले डॉक्टर को मालूम होना चाहिए."

तो कागद त्या संध्याकाळी यजमानांनी वाचला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी. गाठ बोराएवढी होती. ती काढली, मूत्रपिंडाचा बहुतेक भाग वाचला, आणि पुढची औषधंही लेकीने सोसली. तपासण्या ठरल्याप्रमाणे सुरू राहिल्या, आता यजमानही सोबत येत. ताप येऊन गेला का, गोळ्या वेळेवर दिल्या का, डॉक्टरबाई पूर्वीसारखंच मला विचारायच्या. मी उत्तर दिलं की त्या ऐकून घ्यायच्या, आणि लिहिण्याआधी एकदा यजमानांकडे बघायच्या.