आधी बैलाचं नाक

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाटोद्याच्या शाळेत मुलांच्या पाट्या तपासत होतो. उमापूरहून घोडं दामटत आलेला गडी दारातूनच म्हणाला, "मास्तर, थोरले पाटील गेले." निम्म्या पाट्या तशाच टाकून मी उठलो. गावी पोचलो तेव्हा राख निवली होती. वाटेत मात्र एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, की मी पाट्या टाकून आलो हे दादांना रुचलं नसतं. हातातलं काम अर्धवट टाकणं त्यांना कधी खपलं नाही. ही खोड त्यांना लावली ती एका परमुलखातल्या म्हाताऱ्याने. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण माझं डोकं आज धडावर आहे ते त्याच्याच कृपेने.

यशवंतदादा माझे थोरले चुलतभाऊ. तरुणपणी इंग्रजांच्या रिसाल्यात भरती होऊन ते चीनच्या मोहिमेवर गेले होते. तिथे जपानी फौजेबरोबर एक म्हातारा सामुराई होता. घराणं पिढीजात तलवारीचं, पण काळ फिरला आणि तो फौजेची घोडी सांभाळू लागला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. मग त्याचं तत्त्वज्ञान तुम्हाला कळलं कसं, असं मी एकदा खवचटपणे विचारलं, तर दादा म्हणाले, "घोड्याची भाषा दोगांनाबी येत हुती की." एके दिवशी तो म्हातारा घोड्याचे खूर साफ करत असताना कुण्या पोरसवदा शिपायाने त्याची बादली लाथाडली. कमरेला तलवार असूनही म्हाताऱ्याने मान वर केली नाही. चारही खूर पुरे केले, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, स्वतःचे हात पुसले, आणि मग त्या शिपायासमोर जाऊन नुसता उभा राहिला. थोड्या वेळाने तो शिपाईच बादली भरून घेऊन आला… "राग येऊ द्यावा," दादा सांगायचे, "पन हातातलं काम सरल्यावर. तवर टिकला तर खरा." आम्ही पोरं हसायचो. गावात त्यांचं नावच 'जपानी पाटील' पडलं होतं.

आमचं हसू जिरलं ते पोळ्याच्या दिवशी. वेशीत तोरण बांधलं की पाटलाचा मानाचा बैल त्याखालून पहिला जायचा. हा मान थोरल्या घराचा, म्हणजे दादांचा. आम्ही धाकट्या घरचे दोन पिढ्या त्यावरून धुसफुसत होतो. त्या वर्षी मी पंचविशीतला, अंगात मस्ती, मागे भाऊबंदांच्या वीस लाठ्या. तोरणासमोर मी आमच्या सर्जा बैलाला ओढत दादांच्या बैलापुढे घुसवलं. थोरल्या घरच्या पोरांनी कुऱ्हाडी सावरल्या. बायका लेकरं उचलून मागे सरकल्या. कमरेला तलवार लावलेले दादा सरळ माझ्याकडे चालत आले, आणि मी लाठी घट्ट धरली.

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. "भीमा, ह्याचं नाक फाटलंय," ते मला म्हणाले. मी ओढलं तेव्हा वेसण रुतली होती आणि सर्जाच्या तोंडावरून रक्त ओघळत होतं. दादांनी तलवार सोडून खाली ठेवली, वहिनींच्या ओवाळणीच्या ताटातली हळद घेऊन निरांजनातल्या तुपात कालवली आणि सर्जाच्या गळ्याला मिठी मारून बोटाने जखमेत भरू लागले.

"दादा, कावून येळ लावायलात? आदी मानाचं काय ते बोला," मी ओरडलो.

"आदी बैलाचं नाक. मग तुज्याशी भांडतो. मी कुटं पळून चाललोय?"

किती वेळ गेला कोण जाणे. तोवर एकेक लाठी जमिनीला टेकली होती. हात पुसून दादा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हं. बोल आता."

एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मला भीती वाटली, आणि ती तलवारीची नव्हती. मग त्यांनी सर्जाचा कासरा हाती घेतला आणि स्वतः त्याला तोरणाखालून पहिलं नेलं. "दुखणाईत आदी," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या गावात ज्या बैलाने वर्षात सगळ्यात जास्त सोसलं, त्याचा मान पहिला. तो बैल दरवर्षी दादाच निवडायचे.

दादा आषाढात गेले. परवा पोळा झाला. थोरल्या घरी यंदा सण नाही, त्यामुळे त्यांची जनावरं गोठ्यातच होती. वेशीत बाकीचे बैल झुली घालून उभे, वाजंत्री चालू, पण पाऊल कोणी उचलेना. माझा मुलगा कानाशी लागला, "आबा, आता कोन आडवं येतंय? मान आपलाच हाय." खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, जावं.

मी थोरल्या घराच्या गोठ्यात गेलो. दादांचा म्हातारा बैल महिनाभर वैरणीला नीट तोंड लावत नव्हता. बरगड्या मोजाव्यात इतका खंगला होता.

"भाऊजी, औंदा आमचा सण न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"झूल नगं, रंग नगं, वहिनी. पन ह्या वर्सात ह्याच्यापेक्षा जास्त कुनी सोसलंय?"

पदर सावरून वहिनींनी स्वतःच कासरा सोडला आणि माझ्या हातात दिला… तो उघडा बैल दिसताच वाजंत्री थांबली. तोरणाखाली येऊन तो थबकला आणि मान वळवून मागे बघत राहिला. माझ्यामागे सारं गाव खोळंबलं होतं. मी कासरा ढिला सोडला. तो आपणहून निघेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.