लेतुबाईच्या झाडाखाली वनभोजन

जंगल पाहायचं तर मुकुटबनकडचं, असं आमच्या कचेरीतले हेडक्लार्क बापूसाहेब वर्षभर घोकत होते. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अखेर आम्ही चौघे कारकून त्यांच्यामागे निघालो. यवतमाळ सोडल्यावर मोटार दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा बापूसाहेबांनी खाली उतरून "काय हवा आहे!" म्हटलं आणि आम्ही मोटार ढकलली.

मुक्काम शाळेच्या ओसरीवर करून पहाटेच पायवाटेला लागलो. सागाची पानं झडलेली, पायाखाली नुसता चुरचुराट. तासाभराने एक डेरेदार मोहाचं झाड लागलं. चहूकडे पाचोळ्याचा खच, पण झाडाखाली काडी नाही, नुसता फुलांचा सडा.

"निसर्गानंच आपल्यासाठी अंगण झाडून ठेवलंय!" बापूसाहेब गहिवरले.

सतरंजी पसरली. गोवऱ्या पेटवून रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजायला लावले. वरून पिवळट, रसाळ फुलं टपाटप पडत होती. ही पुष्पवृष्टी आपल्याच स्वागताला, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

एवढ्यात टोपली घेऊन एक कोलाम आदिवासी बाई आली. आमच्याआधी तिने जमिनीकडे पाहिलं.

"उठा, बाबूजी. माह्या फुलायवर बसून राह्यले तुमी."

"जंगल सरकारी आहे, बाई," बापूसाहेब म्हणाले.

"जंगल असन सरकारचं. हे झाड सासऱ्यापासून आमीच वेचतो. काल दिवसभर खालचं झाडलं मी. पंधरा दिवस पडते फूल. आखाडात घरात दाना नसला का लेकरायले हेच उकडून देतो. आता चेंदलेलं काय वाळवू?"

सतरंजी उचलली, तर खाली फुलांचा लगदा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आम्ही वेचू लागतो," मी म्हणालो.

"मंग ऊन चढाच्या आत वेचा. नाई तं ढोरं येते."

बापूसाहेबांसकट पाचही जण रांगू लागलो. लेतुबाई (नाव तिनेच सांगितलं) दोन्ही हातांनी वेचायची, मी एकेक फूल टिपत बसायचो. तिकडे रोडग्यांचा कोळसा झाला आणि इकडे कमरा मोडल्या. कशीबशी एक टोपली भरली. रोज दोन भरतात, असं ती म्हणाली. रागाने नव्हे, सहजच, म्हणून जास्त लागलं.

"मग आम्ही उरलंसुरलं खायला कुठे बसू?" मी विचारलं.

तिने नाल्याकडे बोट दाखवलं. तिथे दगड, काटे आणि रणरणतं ऊन.

"तिथं बसा. तिथं कोनी काई वेचत नाई." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या गावात झाडं नाई काय, बाबूजी?"

"आहेत की. घरापुढेच मोठा कडुनिंब आहे."

"मंग त्याच्याच खाली काहून नाई बसले?"

परतीच्या मोटारीत बापूसाहेब पुढच्या सहलीचे बेत सांगत होते.

त्या वर्षी आषाढात चार दिवस झड लागली. कचेरीतून भिजून घरी आलो, बायकोने गरम भात वाढला. पहिलाच घास घेतला आणि लेतुबाईची न भरलेली दुसरी टोपली आठवली.