उंदरांविना गेलेला उन्हाळा

क्रांती खिल्लारे एर्लांगेनच्या विद्यापीठात काय करते, हे तिच्या वडिलांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं: मुलगी पाखरं वाचवते. नामदेवरावांनी हे वाक्य अर्ध्या परभणीला ऐकवून झालं होतं, आणि व्हिसा काढून कमलाबाईंसह लेकीकडे आल्यावर जर्मनीलाही ऐकवायला घेतलं. खरं तर क्रांती काही वाचवत नाही. दर उन्हाळ्यात ती ग्रीनलंडच्या टुंड्रात जाते, जिथे झाड म्हणून नावाला उगवत नाही. तिथे घरटी शोधायची, कुणाची पिल्लं जगली, कुणाची गेली आणि का, ते बघायचं, आणि उरलेलं वर्ष सायकलवरून ऑफिसात जाऊन त्याची गणितं मांडायची. तिनं हे बाबांना समजावलं होतं. पण अभिमानानं बोलणाऱ्या बापाला दुरुस्त करणं भल्याभल्यांना जमत नाही, तिथे क्रांतीची काय कथा.

त्या अभिमानानंच घोळ केला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला न्युरेम्बर्गमध्ये आपली माणसं एक हॉल घेऊन जमतात. तिथला कार्यक्रम बघणाऱ्या अश्वजितला नामदेवरावांनी परस्पर शब्द देऊन टाकला, की आमची क्रांती मुलांना पाखरांचं दाखवेल. निदान मला विचारायचं तरी, असं कुरकुरत ती लॅपटॉप घेऊन गेली. आणि गेल्यावर गोडगोड काही दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं याच उन्हाळ्यातला व्हिडिओ लावला.

आधी तिनं सगळं नीट सांगितलं. टुंड्रात लेमिंग नावाचा गुबगुबीत उंदीर असतो आणि तिथल्या निम्म्या जिवांचं पोट त्याच्यावर चालतं. लेमिंग उदंड झाले, की कोल्हे आणि घुबडं त्यांच्यावरच ताव मारतात, पाखरांकडे फारसं वळत नाहीत. लेमिंग आटले, की सगळ्यांची नजर अंड्यांवर. यंदा लेमिंग नव्हतेच. त्यात बर्फ उशिरापर्यंत हटला नाही. उघड्या जमिनीचे जे थोडे तुकडे मिळाले तिथेच सगळ्या पाखरांनी घरटी केली, म्हणजे कोल्ह्याला शोधायचे कष्टही उरले नाहीत.

मग पडद्यावर सँडरलिंग दिसली, मूठभर पाखरू, चार अंड्यांवर बसलेलं. एक हडकुळी कोल्ही जवळ आली. पाखरू घरटं सोडून उंदरासारखं सुळसुळत दुसरीकडे धावलं. कोल्ह्यांना चकवायची त्यांची ती जुनी युक्ती. ही कोल्ही फसली नाही. तिनं एकेक अंडं तोंडात धरून चारही नेली.

अश्वजितची मुलगी उर्जा हात वर न करताच उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. "उंड डू? हास्ट डू निश्ट्स गेमाख्ट?" तिनं विचारलं. आणि तू? तू काहीच केलं नाहीस?

क्रांतीनं खरं ते सांगितलं. ती टेकडीवर होती, टाळी वाजवली असती तरी कोल्ही पळाली असती. पण मध्ये पडायचं नाही, हा तिथला नियम. आज एक घरटं राखलं, तर टुंड्रात खरोखर काय घडतं ते कधीच कळणार नाही. उर्जाला हे पटलं नाही, आणि क्रांतीला त्याचं वाईटही वाटलं नाही. तिचं लक्ष बाबांकडे होतं. त्यांनी मान खाली घातली होती.

संध्याकाळी न्युरेम्बर्गच्या फलाटावर एर्लांगेनची गाडी नेहमीसारखी उशिरा होती. कमलाबाईंनी हळूच म्हणून पाहिलं, "अहो, बोला की पोरीशी काहीतरी." क्रांतीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगी पाखरं वाचवते, हे बाबांचं वाक्य चुकीचं होतं, पण परक्या देशात इतकी वर्षं तिनं त्याच वाक्याला टेकून काढली होती, आणि आज ते तिनं आपल्याच हातानं मोडलं होतं.

मग नामदेवराव बोलू लागले, पण भलतंच. बहात्तरच्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते. घरात काही नव्हतं. एका सकाळी त्यांच्या वडिलांनी धोतराच्या सोग्यात अंडी आणली. घरी कोंबडी नव्हती. पोरांनी अंडी खाल्ली आणि कुठून आणली ते कुणी विचारलं नाही. हे त्यांनी आजवर कमलाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

"त्या कोल्हीला पिल्लं होती का गं?" त्यांनी विचारलं.

ऑफिसात सगळ्यांनी तिला आकडे विचारले होते, बाकीच्यांनी पाखरांचं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"होती, बाबा."

"जगली?"

जुलैच्या शेवटी ती त्या कोल्हीच्या बिळाशी जाऊन आली होती. वाकून आत बघितलं होतं, नोंद केली होती आणि पुढच्या घरट्याकडे चालू लागली होती. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता भर फलाटावर आलं. तिनं नुसती मान हलवली. एकही नाही.

नामदेवरावांनी तिच्या खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"मग हाकललं नाहीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "एक दिवस तरी जेवली असतील."