एक जेवण बाकी : प्लेनो ते ॲन आर्बर

मीनलचा, म्हणजे आमच्या लेकीचा, ॲन आर्बरहून फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात चकलीच्या पिठात होते. माधवने, माझ्या नवऱ्याने, रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा फोन भिंतीला असायचे आणि हायवेवर ताशी पंचावन्न मैलांच्या वर गेलं की पोलीस मागे लागायचे.

"मॉम, आजोबांना घेऊन या! वी आर हॅविंग अ बॅरिस्टर डिनर!"

मीनल लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या विद्यार्थी मंडळाने विलायती थाटाची मेजवानी ठरवली होती. इंग्लंडात बॅरिस्टर व्हायला नुसत्या परीक्षा देऊन भागत नसे. आपल्या 'इन'च्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, मोठ्या दालनात काळा झगा घालून ठरलेली जेवणं जेवावी लागत. याला टर्म भरणं म्हणायचे. जेवणं पुरी झाली नाहीत तर टर्म धरत नसत, मग परीक्षेत पहिला नंबर का येईना! आणि आमच्या घरी तर अस्सल माल आयता हजर होता. माझे वडील, अण्णा, अकोल्याचे बॅरिस्टर. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे प्लेनोला आले होते आणि इथे पायी जाण्यासारखं काहीच नाही म्हणून पार कंटाळले होते.

मला वाटलं, उडी मारतील. ते म्हणाले, "एवढ्या लांब कशाला? गुडघे दुखतात."

"गुडघ्यांना गाडीत काय काम आहे?" मी म्हटलं आणि विषय संपवला. तो माझा स्वभावच आहे.

गुरुवारी पहाटेच निघालो. प्लेनो ते ॲन आर्बर साधारण बाराशे मैल. विमानाने सुटसुटीत झालं असतं, पण अण्णांना अमेरिका दाखवायची होती, आणि पेट्रोल तेव्हा गॅलनला डॉलरच्या आतबाहेर होतं. आमच्या ऑटो क्लबने नकाशावर पिवळ्या पेनाने रस्ता आखून दिला होता: लिटल रॉक, मेम्फिसच्या अलीकडून उत्तरेला, मग इलिनॉय, इंडियाना, टोलीडो. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचं लोणचं आणि दोन थर्मास चहा. तुम्ही आज जाणार असाल तर फोन रस्ता दाखवेल, पण पुऱ्या न्याच. आर्कान्सामध्ये शाकाहारी माणसाला तेव्हा बटाट्यापलीकडे काही मिळत नव्हतं, अजूनही फार फरक पडला असेल असं वाटत नाही.

लिटल रॉकपर्यंत पाइनची झाडं, झाडं आणि झाडं. अण्णा मागे बसून बाहेर बघत होते. त्यांना बोलतं करायला मी म्हटलं, "अण्णा, ती वाइनची गोष्ट सांगा ना." ही गोष्ट आमच्याकडे वर्षातून दोनदा व्हायची. इनमध्ये चौघांचा एक गट आणि गटाला एक बाटली. हिंदुस्थानी विद्यार्थी पीत नाहीत हे माहीत असल्यामुळे यांच्या शेजारी बसायला पहिल्या दिवशी झुंबड उडाली. अण्णांनी आपला पेला शांतपणे पुढे केला, आणि तिघांची तोंडं उतरली. दुसऱ्या दिवसापासून शेजारी कोणी येईना. एरवी अण्णा ही गोष्ट रंगवून सांगत. त्या दिवशी दोन वाक्यांत उरकली.

संध्याकाळी मिसूरीच्या कोपऱ्यात एका मोटेलला थांबलो. पंचवीस डॉलर, खोली स्वच्छ. मालक सुरतेकडचे. आमची नावं ऐकून खूश झाले. माधवने सवयीने ओळख करून दिली, "ये हमारे ससुरजी, बॅरिस्टर हैं." झालं! मालकांनी अण्णांना वाकून नमस्कार केला, कोपऱ्यातली चांगली खोली उघडून दिली आणि सकाळी स्वतः आल्याचा चहा घेऊन दारात हजर.

"बॅरिस्टरसाहेब, आप के लिए स्पेशल."

अण्णांनी कप हातात घेतला नाही. "नको," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मला इतकी लाज वाटली की त्यांचा आणि माझा, दोन्ही कप मीच प्यायले.

इलिनॉयमध्ये रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ जातो. दोन्हीकडे कापणी झालेला मका. तिथे अण्णा मागून म्हणाले, "माधवराव, गाडी चालू द्या. मला एक सांगायचंय. मी बॅरिस्टर नाही."

माधवने आरशात पाहिलं. मी मागे वळले.

"परीक्षा सगळ्या पास झालो. बारा टर्म भरायच्या होत्या, अकरा भरल्या. बाराव्या टर्मचं शेवटचं जेवण. म्हटलं, सुटलो! खुशीत येऊन कोंबडीची तंगडी सरळ हाताने उचलली. तीन वर्षं काट्यासुरीने खाऊन जीव विटला होता. खाल्लं, आणि हात बरबटले म्हणून उठलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आपल्याकडे जेवून माणूस हात धुवायला उठतोच. तिथे शेवटची प्रार्थना होईपर्यंत उठायचं नाही असा नियम होता. इतकी जेवणं जेवलो, नियम पाठ होता. पण हाताला कुठे पाठ होता? हात धुतले, खळखळून चूळ भरली, परत आलो तो प्रार्थना आटोपलेली. दारावरच्या माणसाने माझं जेवण धरलं नाही. ते नाही म्हणून टर्म नाही. पुढच्या टर्मसाठी तीन महिने राहायचं, आणि इकडे माझी आई अंथरुणाला खिळलेली, बोटीचं तिकीट काढलेलं. म्हटलं, नंतर येऊन टर्म भरू. जेवणासाठी बोटीने कोण जातं पुन्हा?"

मला अकोल्याचं स्टेशन आठवलं. अण्णा विलायतेहून परतले तेव्हा मी आठ वर्षांची होते. बँड, झेंडूचे हार, गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी, आणि डब्याच्या दारात माझे वडील. मी वर्गात मिरवले होते. पुढे माझं लग्न ठरलं तेही 'बॅरिस्टरांची मुलगी' म्हणून.

"म्हणजे मी फसवला गेलो!" माधव म्हणाला. "पंचवीस वर्षांनी कळतंय. आता बदलून मिळेल का?"

तो हसला. मला हसू आलं नाही. मला राग आला होता, आणि लेकीची काळजीही. मीनलने 'बॅरिस्टरांबरोबर एक संध्याकाळ' अशी कार्डं छापून प्राध्यापकांना वाटली होती. इंडियाना लागेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

इंडियानापोलिसच्या अलीकडे एका रेस्ट एरियात थांबलो. स्वच्छ बाकडी, मेपलची लाल पानं खाली पडलेली. मी सफरचंदं कापत होते. अण्णा शेजारी येऊन बसले.

"तू अगदी आईसारखी गप्प बसतेस."

"आईला माहीत होतं?"

"त्याच रात्री सांगितलं तिला. स्टेशनवर ते हार पाहून तोंड उघडलंच नाही, पण तिला सांगितलं. ती म्हणाली, 'परीक्षा तुम्ही दिल्यात. जेवणंच राहिलीत ना? ती मी घालते.' आपल्या घरावरची पाटी आठव, त्यावर मी कधी 'बॅरिस्टर' लिहिलं नाही. वकिलीची सनद विलायतेला जाण्याआधीच घेतली होती, म्हणून 'वकील' लिहिलं. तर लोक म्हणायला लागले, केवढे साधे आहेत बघा!"

खरंच, पाटीवर 'वकील'च होतं. ती पाटी रोज बघत मी मोठी झाले, आणि कधी विचारलं नाही. मी सफरचंदाची फोड त्यांच्या हातावर ठेवली. राग सगळा गेला नव्हता, पण बराच गेला.

फोर्ट वेनपासून टोलीडोपर्यंतचा रस्ता तेव्हा दुपदरी होता, ट्रकमागे रांगत गेलो. अंधार पडता पडता ॲन आर्बर आलं. गारठा टेक्सासवाल्यांना न झेपणारा, सायकली सगळीकडे, पार्किंग कुठेच नाही. गाडी लांब लावून चालत जायची तयारी ठेवा.

मीनलच्या अपार्टमेंटमध्ये अण्णांनी कोटही न काढता तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "वेट. आजोबा, यू पास्ड एव्हरी एक्झाम अँड फेल्ड डिनर?"

"यस," अण्णा म्हणाले.

ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "पण माझी कार्डं... डीन येतायत. एव्हरीवन विल थिंक आय लाइड."

"कॅन्सल कर. मी आजारी आहे सांग."

मीनल बराच वेळ खिडकीशी उभी होती. लहानपणी अपूर्णांक अडले की अशीच उभी राहायची. मग म्हणाली, "नो. ते खोटं होईल. तुम्ही यायचं. यू टेल देम, आजोबा."

अण्णा रात्री जेवले नाहीत. सकाळी पाहिलं तर कोटाच्या खिशातल्या कागदावर भाषण लिहून पुन्हा पुन्हा खोडत होते.

लॉ स्कूलचा जेवणाचा हॉल बघायला मिळाला तर जरूर बघा. उंच लाकडी छत, रंगीत काचा, लांबच लांब टेबलं. अण्णा दारातच थबकले. "अगदी तसंच आहे," एवढंच म्हणाले. मुलांनी कुठल्याशा चर्चच्या गायकवृंदाकडून झगे उसने आणले होते, तेही लालभडक. आमच्या गटात आम्ही चौघं: अण्णा, मी, माधव आणि टायवर केचपचा डाग असलेले एक गोरे प्राध्यापक. मीनलने नियम वाचून दाखवले. शेवटचा नियम: समारोपाची प्रार्थना होईपर्यंत कोणीही उठायचं नाही, जो उठेल त्याने गाणं म्हणायचं.

आणि जेवायला काय? भाजलेली कोंबडी. मी अण्णांच्या ताटाकडे बघत होते. (मी स्वतः बटाटे खाल्ले, आर्कान्साप्रमाणेच.) त्यांनी काटासुरी उचलली, ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि तंगडी हाताने उचलली. प्राध्यापकांनीही हसून आपली उचलली.

भाषणाची वेळ झाली. मीनल म्हणाली, "माझे आजोबा." एवढीच ओळख करून दिली.

अण्णा इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगते. "मित्रहो, मी बसून बोलतो. कारण मागच्या वेळी मी उठलो होतो." मग त्यांनी सगळं सांगितलं. तंगडी, चूळ, दारावरचा माणूस, अकोल्याचा बँड. "तुमच्या कार्डावर चूक आहे. ती माझ्या नातीची नाही, माझी आहे. ती दुरुस्त करायला मला फार वर्षं लागली." खिशातला कागद त्यांनी काढलाच नाही. काढणार कसे, हात बरबटलेले होते!

मग डीनबाईंनी विचारलं, "सर, समारोपाची प्रार्थना तुम्ही म्हणाल?"

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "अन्नदाता सुखी भव!"

"आमेन," म्हणून सगळा हॉल गरजला. मग अण्णा उठले, हात वर धरून, त्या लाल झग्यात, सगळ्यांच्या देखत हात धुवायला गेले. मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीनल रडत होती आणि हसत होती. मी तर नुसतीच रडत होते. माधवने मला रुमाल दिला आणि म्हणाला, "नको, राहू दे, बदलून नको."

(अकोल्याला परतल्यावर अण्णांनी कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्येही हे सांगून टाकलं. कोणाचा विश्वास बसला नाही. "अमेरिकेला जाऊन आले, पण विनय बघा!" असं म्हणाले लोक. अखेरपर्यंत ते तिथे बॅरिस्टरच राहिले. त्याला इलाज नव्हता.)

येताना त्याच मोटेलला थांबलो. अण्णांनी मालकांना गाठून सांगितलं, "मैं बॅरिस्टर नहीं, वकील हूँ. चाय मिलेगी?" चहा तोच मिळाला, आल्याचा. खोली मात्र साधी.

आणखी एक सांगते आणि थांबते. प्रवासातून आल्यावर पहिल्या दिवशी मी साधा वरणभात केला, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. माधवला आणि अण्णांना वाढलं, मग माझं पान घेतलं. माधव जेवून उठला. माझा भात अजून अर्धा होता. अण्णांचं पान कधीच रिकामं झालं होतं, पण ते बसून होते.

"अण्णा, उठा ना. हात वाळला."

"तुझं व्हायचंय."

"माझं काय, मी नेहमीच शेवटी."

"तुझी आईही," ते म्हणाले. "रोज आम्हाला वाढून मग बसायची, आणि मी हात धुवायला उठून जायचो. एक दिवससुद्धा बसलो नाही तिच्यासाठी. लंडनची एक टर्म राहिली त्याचं एवढं घेऊन बसलो, आणि घरी रोज..."

मी भात खाऊ लागले. सावकाश खाल्ला, ताक प्यायले, पान स्वच्छ केलं. ते वाळलेला हात तसाच धरून बसले होते.

मग म्हणाले, "अन्नदाता सुखी भव." आणि आम्ही दोघं बरोबर उठलो.