कोऱ्या सापळ्यांतले पतंग

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं अळ्या पाळल्या. पोटासाठी माणसं काय काय करतात, पण हे फारच झालं, असं मी तिच्या घरी राहायला आले त्याच दिवशी मनाशी म्हटलं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, शिकायला आले होते. दार उघडलं तर आधी वास आला आणि मग आत्या दिसली. आंबलेल्या पिठाचा, ओल्या फडक्याचा आणि आणखी कशाचा तरी वास. तो आणखी कशाचा हे मला पुढे कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आत्या कीड संशोधन केंद्रात होती. फळं पोखरणाऱ्या एका अळीवर तिथे काम चालायचं. या अळीचा पुढे तपकिरी पतंग होतो. मादी पोटाच्या टोकातून एक गंध सोडते आणि तो हुंगत नर लांबून येतो. तोच गंध प्रयोगशाळेत तयार करून सापळ्यात ठेवला की नर येऊन चिकटतात, आणि बागवाल्याला कळतं की कीड आली, आता फवारा. गंधात काय काय आहे हे शोधायला हजारो माद्या लागतात, म्हणजे हजारो अळ्या लागतात, आणि अळ्यांना आई लागते. केंद्रातले लोक आत्याला अळीबाई म्हणायचे, तेही तोंडावर, आणि ती ओ द्यायची. मला त्याचाही राग यायचा.

मला किळस लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. दुधावरची साय, मोरीच्या जाळीत अडकलेले केस, दुसऱ्याने चावलेलं पेन, काहीही पुरतं. अशा मुलीला शिक्षण संपल्यावर नोकरी मिळाली ती आत्याच्याच खोलीत, आत्याच्याच शब्दावर, वर्षावर्षाच्या कराराने. दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. अडला हरी, दुसरं काय.

त्या खोलीत भिंतभर रॅक आणि रॅकवर झाकणाच्या लहान लहान वाट्या. एका वाटीत एकच अळी, कारण दोन ठेवल्या तर उद्या एकच उरते आणि ती जाडी असते. प्रत्येकीला पीठ, यीस्ट आणि औषधं घालून शिजवलेल्या लगद्याचा एक तुकडा. त्यावर ती खाते, त्यावरच घाण करते आणि त्यातच लोळते. रोज सकाळी चारशे वाट्या उघडून बघायच्या. काही अळ्या रोगाने मरून काळ्या पाण्यासारख्या झालेल्या असायच्या. तो वास नाकात बसला की जेवताना पहिला घास घशाखाली उतरत नसे.

पतंग तर त्याहून वाईट. त्यांच्या पंखांचे खवले भुकटीसारखे उडतात, ते नाकात जातात, बाहीत जातात, चहावर तरंगतात. आत्या बोटाने बाजूला सारून चहा प्यायची. मी कप ओतून द्यायचे.

दुपारी कापायचं काम. माद्या अंधारातच गंध सोडतात, म्हणून आतल्या खोलीत दिवसाची रात्र केलेली होती. दिवे दुपारी बंद व्हायचे आणि आम्ही लाल बल्ब लावून बसायचो. मादी डाव्या हातात धरायची, पोट हलकेच दाबायचं, टोकातून ओलं, पिवळसर काहीतरी बाहेर येतं, ते कात्रीने कापून काचेच्या नळीतल्या द्रवात टाकायचं. एका नळीला पन्नास माद्या. मी दाबलं की नको ते बाहेर यायचं आणि मी तोंड फिरवायचे. आत्या दाबायची तेव्हा एक थेंब इकडचा तिकडे होत नसे.

‘मेल्यासारखा चेहरा करू नकोस,’ ती म्हणायची. ‘तिचं पोट कापलं जातंय, तुझं नाही.’

आणि घरी तरी सुटका होती का? तिचा स्वेटर दोरीवर वाळत घातला की संध्याकाळी नर पतंग येऊन त्याला चिकटायचे, दोनदा धुतलेला असला तरी. शेजारीण खिडकी लावून घ्यायची. आत्या म्हणायची, ‘या वयात अजून मागणी आहे बघ मला.’ मला त्या विनोदाचीही शिसारी यायची.

आमचे सर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. संगोपनाच्या खोलीत ते वर्षातून दोनदा यायचे, नाकाला रुमाल लावून, आणि दारातूनच विचारायचे, ‘सगळं ठीक ना, बाई?’ त्यांच्या नावावर तेरा शोधनिबंध होते. आत्याचं नाव एकावरही नव्हतं. शेवटी आभाराच्या ओळीत ‘इतर कर्मचारी’ असायचं, त्यात ती आणि झाडूवाला.

नर सापळ्याजवळ येतात, घुटमळतात आणि परत जातात, ही सरांची तीन वर्षांची डोकेदुखी होती. गंधात दोन द्रव्यं सापडली होती आणि ती पुरत नव्हती. एक दिवस आत्या त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, ‘सर, आपण दिवे गेल्या गेल्या कापतो. तेव्हा बायका नुसत्या बसलेल्या असतात. खरं काम चौथ्या तासाला सुरू होतं. तेव्हा कापून बघा.’ सरांनी हसून मान डोलावली. तिने न विचारताच चौथ्या तासाला दोनशे कापल्या आणि नळ्या द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या यंत्रावर पाठवल्या. कागदावर तिसरं टोक उमटलं, बारीकसं, पण उमटलं. तेच तिसरं द्रव्य.

त्या वेळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बागेतली चाचणी यशस्वी झाली की निबंधावर बाईंचं नाव येणार. तिसरं.’ आत्याच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. घरी येऊन तिने मला दोनदा विचारलं, ‘नाव पूर्ण घालतात, की नुसतं आद्याक्षर?’ त्या नोकरीकडून तिने मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

चाचणी साधी होती. बागेत बारा सापळे, सहांत गंधाची रबरी गोळी, सहा कोरे. कोऱ्यांत काही यायला नको, म्हणजे नर गंधामुळेच येतात हे सिद्ध होतं. आठ आठवडे दर सोमवारी चिकट कागद बदलायचे. नियम असा की आधी कोरे सापळे, मग गोळीचे, आणि प्रत्येक सापळ्याला नवे हातमोजे, कारण हा गंध बोटाला लागला तर जातच नाही. आत्याचे गुडघे दुखत होते, म्हणून बागेत मी जायचे. ती केंद्रात बसून कागदांवरचे पतंग मोजायची.

आता माझं सांगते. उन्हात त्या कागदांवर पतंग अर्धे जिवंत असायचे. चिकटलेल्या पोटांतून अंडी बाहेर आलीत असं मला वाटायचं. ते नर होते, त्यांना कुठली अंडी, पण माझं डोकं ऐकत नव्हतं. हातमोजा काढायचा म्हणजे त्या डिंकाला आणि खवल्यांना उघड्या बोटांनी शिवायचं, घामेजलेल्या हाताने. ते बारा वेळा. पहिल्या सोमवारी पहिल्याच सापळ्याशी मोजा काढायला गेले आणि मला ओकारी आली. मग मी सकाळी एक जोड चढवायचे आणि बाग संपेपर्यंत काढायचेच नाही. आणि ओळीत जसे लागतील तसे बदलत जायचे, गोळीचा, कोरा, गोळीचा, कोरा. लवकर घरी जायचं होतं, एवढंच.

कोऱ्या सापळ्यांत पतंग येऊ लागले. आधी नऊ, मग वीस, शेवटच्या आठवड्यात एकेचाळीस. गोळीच्या सापळ्यांत साठ-सत्तर. सरांनी तक्ता बघितला आणि आम्हा दोघींना बोलावलं. वाऱ्याची दिशा, बागेचा उतार असली कारणं त्यांनी स्वतःच काढली आणि स्वतःच खोडली.

‘कोऱ्यांच्या रकान्यात शून्य लिहा,’ ते म्हणाले. ‘सगळीकडे शून्यच येतं. यंदाही आलं असतं.’

‘पण आलं नाही, सर,’ आत्या म्हणाली.

‘बाई, तुमचं नाव आहे यावर. पुढच्या हंगामात तुम्ही नसाल.’

‘ठाऊक आहे. पण मी मोजलेत ते. एकेचाळीस मोजून शून्य कसं लिहू?’

सरांचा आवाज चढला. ‘मग हे पतंग आले कुठून? कोणी माती खाल्ली? मला कारण पाहिजे.’ ते माझ्याकडे बघू लागले. माझा करार पुढच्याच महिन्यात संपत होता. मी मूग गिळून बसले.

‘चूक माझी,’ आत्या म्हणाली. ‘नवे कागद बागेत पाठवताना मीच गठ्ठे बांधायचे. माझ्या हातांना सव्वीस वर्षांचा गंध आहे, माझ्या लक्षात राहिलं नाही.’

सरांना ते लगेच पटलं. तिच्या स्वेटरची गोष्ट केंद्रभर माहीत होती. ते टेबलावरचे कागद एवढ्या तुच्छतेने गोळा करू लागले की मला त्यांचीच किळस आली. स्वतःची यायला हवी होती, ती तेव्हा आली नाही. सुटले बाई, असं वाटलं.

चाचणी रद्द झाली. माझा करार वाढला. आत्या निवृत्त झाली. निरोपाला सर दहा मिनिटं आले आणि बोलताना तिच्या ‘अनवधानाचा’ उल्लेख करायला विसरले नाहीत. पुढच्या हंगामात तीच चाचणी पुन्हा घेतली. दर सोमवारी मी प्रत्येक सापळ्याला मोजे बदलले, ओकाऱ्या देत बदलले. कोऱ्यांत शून्य आलं. निबंध छापून आला. सरांचं नाव, यंत्रावरच्या माणसाचं नाव, आणि तिसरं माझं. आयत्या बिळावर नागोबा.

मी तो अंक घरी नेला. लपवता आला असता, पण दहा जणांनी आधीच तिला फोन केले होते. स्वयंपाकघरात बसून तिने चष्मा लावला, चौथ्या तासाचा परिच्छेद सावकाश वाचला, बोट ठेवून वाचला. ‘नीट लिहिलंय,’ म्हणाली.

माझ्याने राहवेना. ‘आत्या, ते कागदांचे गठ्ठे नव्हते. मी मोजे बदलत नव्हते. मला घाण वाटायची.’

तिने चष्मा काढला. ‘आठ आठवड्यांचे शहाण्णव जोड काढून ठेवले होते मी,’ ती म्हणाली. ‘खोक्यात आठच कमी झाले होते.’

‘म्हणजे सरांसमोर बसलो तेव्हा तुला—’

‘त्याच्या आधीपासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

तिने अंक मिटून माझ्याकडे सरकवला.

‘तू बोलशील म्हणून थांबले होते,’ ती म्हणाली. ‘सरांपुढे नाही, तर घरी आल्यावर. घरी नाही, तर मी निवृत्त व्हायच्या आत. तू छापून आल्यावर बोललीस.’