वहिनींचा फुलांचा वर्ग

वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी माझा थोरला भाऊ काही महिने घरूनच काम करायची परवानगी काढून जपानहून लातूरला आला. सोबत वहिनी होत्या. त्या तिकडच्याच, नागोयाजवळच्या गावातल्या. लग्नानंतर इथे येऊन गेल्या होत्या, पण अशा राहायला पहिल्यांदाच आल्या. मोडकंतोडकं मराठी बोलायच्या, अडलं की माझ्याशी इंग्रजीत. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते, त्यामुळे दुभाषी मीच.

जपानची सून आलीय म्हटल्यावर आमच्या कॉलनीतल्या विहारातून बोलावणं आलं. बौद्ध देशातली बाई आहे, धम्मावर काहीतरी सांगेल, अशी सगळ्यांची अपेक्षा. वहिनींनी माईक हातात घेतला आणि खरं ते सांगितलं. त्यांच्या घरी नवीन वर्षाला एका देवळात जातात आणि माणूस गेलं की बुद्धाच्या मंदिरात. वंदना त्यांना येत नाही. फुलं मांडता येतात, आजीनं शिकवलंय.

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा हॉलमधल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुढच्या रांगेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. कॉलनीत त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "बरं, फुलं तर फुलं. रविवारी शिकवा."

रविवारी बायका पिशव्या भरभरून झेंडू, शेवंती, गुलाब घेऊन आल्या. वहिनींनी एका उथळ ताटलीत पाणी घेतलं. गुलाबाची एक फांदी उचलून बराच वेळ फिरवून पाहिली. मग आधी पानं कापली, मग आडवे फाटे, शेवटी एक सोडून बाकीच्या कळ्या. ती एवढीशी फांदी ताटलीच्या कडेला उभी केली. बाकी सगळं पाणी मोकळंच.

बाईंनी विचारलं, "एवढी जागा अशीच ठेवायची?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "ती पण मांडलेली आहे."

बाईंनी ताटली स्वतःकडे ओढून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला नीट समजावून सांग. माझी आई देवळाच्या पायरीखाली फुलं ठेवून मागं फिरायची. आत घेत नव्हते. आता आमचा विहार हाय, आम्ही लई फुलं वाहतो, मन भरंपर्यंत वाहतो. अन् ही सांगती, कमी करा."

रागावून नाही, शाळेत धडा सांगावा तशा बोलल्या. पिशवीतली फुलं त्यांनी बुद्धमूर्तीपुढे ओतली आणि घरी गेल्या.

त्या संध्याकाळी गच्चीवर बसून मी वहिनींना सगळं सांगितलं. पायरीखालची फुलं म्हणजे काय, हे सांगायला इंग्रजी मला पुरेना. पाणवठ्यापासून सुरुवात करावी लागली, धर्मांतरापर्यंत यावं लागलं. माझ्याच घरातल्या गोष्टी मी इतक्या सलग कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मी सुंदर दाखवायला गेले. त्यांना वाटलं मी काढून घेते."

पुढच्या रविवारी बायका निम्म्याही आल्या नाहीत. वहिनी म्हणाल्या, बंद करू. आई म्हणाली, "बंद कशाला? तिला जरा मामाकडं नेऊन आण. घरात बसून ती सुकायली."

म्हणून आम्ही एसटीनं शिरूर अनंतपाळला गेलो. मामाच्या रानात तुरीची रास नुकतीच झाली होती, बांधाला चुलीत घालायच्या वाळक्या तुराट्यांचा ढीग पडला होता. पलीकडे करडई फुलली होती, पिवळी-केशरी, काटेरी. वहिनी तुराट्यांच्या ढिगाशी बसल्या त्या उठेनातच. एकेक काडी उचलून तिचा वाक बघत होत्या. मामीनं मला हळूच विचारलं, "तुमच्याकडचा ग्यास संपला का?"

येताना आम्ही तुराट्यांचा भारा, करडईची फुलं आणि पोतडीभर काळी माती आणली. काड्या उभ्या करायचा काटेरी ठोकळा वहिनींकडे एकच होता. काळ्या मातीचा ओला गोळा तेच काम करू लागला. वर्गात त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि एवढंच सांगितलं, "तुमच्या रानातलं आणा. मला नाव सांगा." बायका तरवड, रुई, कापसाची बोंडं आणू लागल्या. नावं सांगताना आपसात वाद घालायच्या. कुणी दाटीनं मांडायचं, कुणी विरळ. वहिनी दोन्ही बघायच्या आणि क्वचित एखादी काडी जराशी कलती करायच्या. बाई मात्र परत आल्या नाहीत.

उन्हाळा लागता लागता बाईंचे यजमान गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाला अभिवादन करायच्या दिवशी आम्ही सकाळीच मदतीला गेलो. फोटो मांडून झाला होता. बाईंनी वहिनींना जवळ बोलावलं आणि फोटोशेजारची रिकामी जागा दाखवली.

"इथं तुमच्यासारखं काहीतरी करा. लई नको. ह्यांना गर्दी सोसत नव्हती."

वहिनींनी मान हलवली. "तुम्ही करा. मी पाणी धरते."

बाईंनी दारातल्या कडुनिंबाची मोहर आलेली डहाळी तोडून आणली. पानं काढता काढता त्यांचे हात थांबायचे, मग पुन्हा सुरू व्हायचे. वहिनी तांब्या धरून शेजारी उभ्या राहिल्या. डहाळी उभी राहिली तेव्हा बाई मागे सरकून भिंतीला टेकल्या आणि तिथेच रडल्या. यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांची सून नंतर म्हणाली.

मग लोक येऊ लागले. शाळेतले जुने सहकारी, विद्यार्थी, भावकी. प्रत्येकाच्या हातात हार किंवा फुलं. दुपारपर्यंत फोटो गळ्यापर्यंत बुडाला, डहाळी कुठे दिसेना. मी वहिनींकडे पाहिलं. त्या बायकांमध्ये बसून पाकळ्या वेगळ्या करत होत्या, येणाऱ्यांच्या ओंजळीत घालत होत्या. कुणीतरी एक हार सरकवून डहाळीला वाट करायला गेलं, तर बाईच म्हणाल्या, "राहू द्या. माणसं प्रेमानं घालायलीत."

वडील हिंडूफिरू लागल्यावर भाऊ आणि वहिनी परत गेले. वर्ग तसा मोडला, पण दोघीतिघी अजून रविवारी विहारात ताटल्या घेऊन बसतात. मीही जाते. बाईही असतात. मागच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "तिकडं आत्ता कशाची फुलं असतील गं?" तिथेच बसून आम्ही वहिनींना फोन लावला.