जगदेवी पिरॅमिड बघाया गेली

आमची जगदेवी लोहाऱ्यातनं कधी लई भाईर पडली न्हाय. पडली ती एकदम इजिप्तला. पोरगं विरेश तिथं कंपनीत कामाला. जगदेवीचा नवरा विरुपाक्ष वारला आन चार म्हैन्यांनी पोरानं तिला तिकीट काढून नेली. एकली झुरंल म्हणून.

पर ती कशानं झुरती, ते विरेशला कुठं ठावं व्हतं?

नवरा-बायकोची गळ्यातली इष्टलिंगं रोज पूजेला डबीतनं एकाच ताटात निघायची. विरुपाक्षाला समाधी द्यायच्या दिशी बी तशीच काढली. भाईरनं स्वामी वरडायला, "लिंग आणा, लवकर!" जगदेवीनं रडत रडत एक उचलून दिलं. खड्ड्यात बसवलेल्या नवऱ्याच्या डाव्या हातावर ते ठिवलं, इभूत-बेल वाहिला, माती लोटली. पाचव्या दिशी ती पूजेला बसली तं तळहातावर टवका उडालेलं लिंग. दुकानात वजनकाट्यावर पडून टवका गेल्ता, ते विरुपाक्षाचं! म्हंजे हिचं मातीत. गुरूनं दीक्षेला दिलेलं, जिवापरीस जपायचं. सांगती कुणाला?

तवापासनं तिला वाटायचं, आपूनच पुरलो गेलोय. भाकर मातीवानी लागायची. कानाशी नवरा बोलायचा, "जगदेवी, हातातलं हे माजं न्हाय गं."

तिकडं शुक्रवार-शनिवार सुट्टी. विरेश म्हणला, "अव्वा, चल पिरॅमिडला." ऊन असलं, की येडशीच्या रामलिंगाची माकडं बी सावली सोडायची न्हाईत. उंटवाला मागंच लागला.

"त्याला सांग, आमच्या घरी म्हशी हैत. बसायची हौस असती तं तिथंच बसले असते."

लई दिसांनी अव्वा बोलली म्हणून विरेश हासला.

आत वाकून वर चढायचं. दम कोंडलेला, घामानं लुगडं चिकटलेलं. जगदेवी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरून चढली. वर एक खोली, खोलीत दगडी पेटी. झाकण न्हाय. आत काय न्हाय.

"ह्यातला माणूस कुठाय रं?"

"न्हाय अव्वा. राजा व्हता म्हणत्यात. चोरांनी कवाच उकरलं. संगं ठिवलेलं समदं नेलं."

"त्याला कळलं आसंल का?"

"मेलेल्याला काय कळतंय?"

जगदेवीनं पेटीत वाकून बघितलं. त्या रिकाम्या पेटीतनं वळखीचा आवाज आला, "माजं दे." तिथंच, परक्या माणसांत, तिनं पोराला समदं सांगितलं.

 विरेश म्हणला, "एवढंच व्हय? गावाकडं गेल्यावर उकरून बदलू की."

"मुर्दाडा! उकरल्यावर काय व्हतंय, ते आत्ता बघितलंस ना?"



जगदेवी माघारी आली, वरीसभर जगली. ह्या चैतात अंथरूण धरलं. धाकल्या भैनीला, शिवलीलाला, जवळ बोलावलं. "माज्या हातात हेच ठीव, टवक्याचं. स्वामींना बोलू नको. तिथं गेल्यावर आमचं आमी बदलून घिऊ."

विरुपाक्षाच्या शेजारीच तिला बसवली. शिवलीलानं काठावरनं अंगठा फिरवून टवका चाचपला, मगच लिंग तिच्या हातावर ठिवलं.

आता शिवलीला रोज पूजेला बसती, तवा पयला आपल्या लिंगाच्या काठावरनं अंगठा फिरवती. एकदा फिरवून भागत न्हाय.